फ्रेमला लागणारा फोरहँड

प्रश्न : मी 47 वर्षांचा असून नाशिकला राहतो. उजव्या हाताने खेळतो. वीस वर्षे बॅडमिंटन खेळल्यानंतर दोन वर्षांपूर्वी टेनिस सुरू केले आणि आता आठवड्यातून चार दिवस सकाळी क्लबमध्ये डबल्स खेळतो. व्हॉली, म्हणजे टप्पा पडण्याआधी मारायचा फटका, बऱ्यापैकी जमते, पण बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, मारलेल्या दहा फोरहँडपैकी तीन-चार तरी रॅकेटच्या मध्यावर लागत नाहीत. बहुतेक वेळा चेंडू उंच उडून कुंपणापलीकडे जातो, थंडीच्या दिवसांत मात्र तो पायाशी किंवा नेटमध्ये पडतो. क्लबमधला मार्कर, म्हणजे सरावासाठी चेंडू टाकणारा मदतनीस, रोज सांगतो, "साहेब, बॉल बघा." मी बघतोच आहे. दुकानदार मोठ्या डोक्याची रॅकेट घ्या म्हणतो, माझी सध्याची 100 चौरस इंची आणि 300 ग्रॅमची आहे. फोरहँड मी व्हिडिओ पाहून शिकलो. दिवाळीपासून प्रोग्रेसिव्ह चष्मा लागला आहे आणि हल्ली कोपरही थोडे दुखते. नक्की काय बदलू?

उत्तर : आपले पत्र दोनदा वाचले, कारण प्रश्न शेवटच्या ओळीत असला तरी उत्तराचे धागे मधल्या वाक्यांत आहेत आणि ते आपणच, बहुधा नकळत, लिहून पाठवले आहेत. त्यांच्याकडे वळण्यापूर्वी एक विनंती करतो : चेंडू कुठे लागतो हे मोजून होईपर्यंत काहीही विकत घेऊ नका आणि फटक्यातही काही बदलू नका. चेंडू "मध्यावर लागत नाही" एवढेच आज आपल्याला ठाऊक आहे. तो मध्य सोडून नेमका कुठे लागतो हे कळल्याशिवाय दिलेला कोणताही सल्ला, माझा धरून, अंदाजपंचेच ठरेल.

ते कळण्याचा मार्ग स्वस्त आहे. शाळेतला पांढरा खडू कुटून त्याची पूड एका जुन्या रुमालात घ्या आणि प्रत्येक चेंडू त्यात घोळवून मार्करला हाताने, सावकाश टाकायला सांगा. आपले गटिंग, म्हणजे रॅकेटमधल्या तारांची जाळी, काळे किंवा गडद रंगाचे असेल तर प्रत्येक फटक्यानंतर जाळीवर लिंबाएवढा पांढुरका ठसा उमटलेला दिसेल. पांढऱ्या गटवर तो दिसत नाही, तेव्हा निळा किंवा लाल खडू वापरा. रॅकेटच्या डोक्याची आकृती एका कागदावर काढून ठेवा, प्रत्येक ठशाच्या जागी टिंब द्या, जाळी फडक्याने पुसा आणि मग पुढचा चेंडू मारा. असे तीस चेंडू झाले म्हणजे कागद खूप काही सांगू लागतो. मी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा माझे चेंडू सगळीकडे विखुरलेले असतील अशी माझी खात्री होती. प्रत्यक्षात तीसपैकी सतरा टिंबे एकाच बाजूला, जाळीच्या टोकाकडे, माशा बसाव्यात तशी दाटलेली होती. माझी चूक अंदाधुंद नव्हती, ती रोज एकच होती, आणि तोवर मी तिच्यावर दोन रॅकेटींचे पैसे खर्च केले होते.

आता हा ठसा वाचायचा कसा ते पाहू. फोरहँड मारताना रॅकेट साधारण आडवी असते, म्हणजे टोक शरीरापासून दूर, दांडा शरीराकडे, एक कडा आकाशाकडे आणि दुसरी जमिनीकडे. ठसे टोकाकडे पडत असतील तर आपण चेंडूपासून लांब उभे आहात आणि हात ताणून त्याला गाठत आहात. ते दांड्याकडे, म्हणजे जाळीच्या गळ्यापाशी पडत असतील तर चेंडू अंगावर आला आहे आणि कोपर बरगड्यांना चिकटले आहे. या दोन्ही चुका अंतराच्या आहेत, त्यांचे औषध पायांत आहे आणि हात कितीही सुधारला तरी त्या जात नाहीत. ठसे वरच्या किंवा खालच्या कडेकडे पडत असतील, तर मामला बहुधा वेळेचा किंवा उंचीच्या अंदाजाचा असतो. वरच्या कडेला चेंडू लागला की रॅकेट हातात फिरते, तिचे तोंड आकाशाकडे उघडते आणि चेंडू उंच उडतो. खालच्या कडेला लागला की तोंड मिटते आणि चेंडू पायाशी किंवा नेटमध्ये जातो. आपल्या पत्रातली कुंपणापलीकडे जाणारी आणि थंडीत पायाशी पडणारी, अशी दोन्ही लक्षणे या दुसऱ्या गटातली आहेत. म्हणून खडूचा कागद हाती नसतानाही मी असे धरून चालतो, की आपला मूळ दोष अंतराचा कमी आणि उभ्या दिशेतल्या वेळेचा जास्त आहे. कागद वेगळे सांगू लागला तर कागदावर विश्वास ठेवा.

आपला फोरहँड व्हिडिओ पाहून घडलेला आहे, हा यातला सर्वात महत्त्वाचा धागा मला वाटतो. हल्ली व्हिडिओंत दिसतो तो भरपूर टॉपस्पिनचा, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा, फटका असतो, ज्यात रॅकेट चेंडूच्या बरीच खाली जाते आणि तिथून जवळजवळ शिडी चढावी तशी वर येते. त्यातला हिशेब थोडा मांडून पाहू. 100 चौरस इंची रॅकेटची जाळी रुंदीला सुमारे 24 सेंटिमीटर असते, म्हणजे मध्यरेषेपासून फ्रेमपर्यंत सुमारे 12 सेंटिमीटर. चेंडूचा व्यास साडेसहा ते सात सेंटिमीटरच्या दरम्यान असतो, तेव्हा चेंडूचा मध्य रॅकेटच्या मध्यरेषेपासून आठ-नऊ सेंटिमीटरपेक्षा जास्त सरकला की फ्रेम लागलीच म्हणून समजा. आता रॅकेटचे डोके सेकंदाला 18 मीटर वेगाने आणि 30 अंशांच्या चढाने वर येत असेल, तर त्याचा उभ्या दिशेचा वेग सेकंदाला 9 मीटर होतो आणि आपण सेकंदाच्या केवळ शंभराव्या भागाने उशिरा किंवा लवकर आलात तरी रॅकेट चेंडूच्या 9 सेंटिमीटर खाली किंवा वर असते. हाच चढ अकरा-बारा अंशांचा केला तर तेवढ्याच चुकीने ठसा साडेतीन-पावणेचार सेंटिमीटर सरकतो, चेंडू जाळीतच लागतो आणि बऱ्यापैकी जातोही. उशीर नेहमीच नडतो असे नाही. रॅकेट चेंडूच्या रेषेतून सपाट येत असेल तर उशिराने चेंडू उजवीकडे जाईल, पण तो जाळीच्या मध्यावर लागू शकतो. रॅकेट चेंडूची रेषा कापून वर जात असेल, तेव्हा मात्र उशिराची किंमत थेट फ्रेमला मोजावी लागते. व्यावसायिक खेळाडूंना तो चढ परवडतो, कारण त्यांची वेळ चुकतच नाही म्हटले तरी चालेल आणि पाय आधीच जागेवर पोचलेले असतात. आठवड्यातून चार सकाळी खेळणाऱ्याने तो उसना घेणे मला योग्य वाटत नाही. टॉपस्पिन सोडा असे मी म्हणत नाही. रॅकेट मागे नेताना गुडघ्यापर्यंत खाली सोडू नका, चेंडू ज्या उंचीवर भेटणार त्याच्या वीतभर खालूनच सुरुवात करा, एवढेच सांगतो. चेंडू नेटवरून थोडा कमी उंचीने जाईल आणि काही दिवस आपल्याला फटका पोरकट वाटेल, पण डबल्समध्ये समोर नेटवर माणूस उभा असताना कमी उंचीचा चेंडू हा तोटा नव्हे.

या चढात बॅडमिंटनची वीस वर्षे मिसळली आहेत. बॅडमिंटनची रॅकेट 80 ते 90 ग्रॅमची असते आणि शेवटच्या क्षणी मनगटाने फिरवता येते. आपली रॅकेट तिच्या तिपटीहून जड आहे, त्यामुळे ती अशी फिरवायला गेलो की मनगट पुढे जाते, रॅकेटचे डोके खाली मागे रेंगाळते आणि चेंडू वरच्या कडेला येऊन लागतो. याहून सूक्ष्म सवय डोळ्यांची आहे. शटल हवेत झपाट्याने मंदावते आणि शेवटी जणू आपली वाट पाहत थांबते. टेनिसचा चेंडू तसा थांबत नाही, शिवाय मध्ये टप्पा घेऊन दिशा आणि चाल बदलतो. शटलची सवय असलेला खेळाडू टेनिसमध्ये बहुतेक वेळा उशीर करतो आणि आपण उशीर केला हे त्याला जाणवतही नाही, कारण त्याच्या जुन्या घड्याळाप्रमाणे तो वेळेवरच असतो. आपली व्हॉली जमते त्याचे कारणही यात सापडते. व्हॉलीला टप्पा नसतो, रॅकेट मागे न्यावी लागत नाही आणि उभ्या दिशेचा वेगही फारसा नसतो.

हे घड्याळ नव्याने लावण्यासाठी एक जुना आणि बावळट वाटणारा सराव आहे. चेंडू जमिनीला टेकताच मोठ्याने "टप्पा" म्हणायचे आणि रॅकेटला लागताच "हिट" म्हणायचे. दोन्ही शब्द नेमके त्या त्या क्षणी यायला हवेत. पहिल्या दिवशी आपला "हिट" चेंडू लागल्यानंतर निघेल, किंवा दोन्ही शब्द एकमेकांना चिकटून येतील, आणि तोच उशिराचा पुरावा समजा. "टप्पा" म्हणताना रॅकेट मागे जाऊन तयार असली पाहिजे. तेव्हा ती नुकती मागे जायला लागलेली असेल तर उशीर झालाच. शेजारच्या कोर्टवरचे लोक हसतील, त्यांना हसू द्या.

आता मार्करच्या "बॉल बघा"विषयी. त्याचे चुकते असे मी म्हणणार नाही, पण त्या दोन शब्दांनी आपले काम होत नाही, कारण चेंडू रॅकेटला लागेपर्यंत सलग पाहणे माणसाच्या डोळ्याला साधतच नाही. मायकेल लँड आणि पीटर मॅक्लाउड या संशोधकांनी क्रिकेटच्या फलंदाजांच्या डोक्यावर कॅमेरा बसवून ते काय पाहतात याचा अभ्यास केला आणि तो 2000 साली प्रसिद्ध केला. त्यात असे आढळले की फलंदाज चेंडूचा पाठलाग सलग करत नाही. तो सुटताना पाहतो, मग नजर चेंडूच्या पुढे उडी घेऊन टप्पा पडणार त्या जागी जाऊन थांबते आणि टप्प्यानंतर थोडा वेळ पुन्हा चेंडूसोबत जाते. जो फलंदाज चांगला, त्याची ही उडी लवकर. टेनिसपटूच्याही कामाची गोष्ट हीच, की नजर टप्प्याच्या जागी चेंडूच्या आधी पोचावी. आणि फटक्याच्या क्षणी चेंडू दिसो न दिसो, डोके हलू नये. रॉजर फेडररची छायाचित्रे आठवा : चेंडू रॅकेट सोडून गेलेला असतो आणि त्याचा चेहरा अजून फटक्याच्या जागेकडेच वळलेला असतो. आपण बहुधा चेंडू कुठे गेला हे पाहण्यासाठी क्षणभर आधी मान वर करत असाल. मान वर गेली की उजवा खांदा उचलला जातो आणि खांद्याबरोबर रॅकेटही. चेंडू कुठे पडला हे मार्करनेच आपल्याला सांगावे आणि तोवर आपण वर पाहू नये, असा दहा मिनिटांचा करार करा.

चष्म्याचा उल्लेख आपण जाता जाता केला आहे, पण मी त्याला बरेच वजन देतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात वरचा भाग लांबचे पाहण्यासाठी आणि खालचा वाचनासाठी असतो, शिवाय खालच्या भागाच्या दोन्ही बाजूंना दृश्य थोडे वाकते. डोळ्यांच्या पातळीवरची व्हॉली वरच्या भागातून दिसते. कंबरेच्या उंचीवर, उजव्या बाजूला भेटणारा फोरहँड मात्र नेमका त्या खालच्या कोपऱ्यातून दिसतो, जिथून दीड-दोन फुटांवरचे वर्तमानपत्र स्पष्ट दिसते आणि अंगावर येणारा चेंडू पुसट. तेव्हा घरात फक्त लांबच्या नंबरचा जुना चष्मा असेल आणि नंबर फारसा बदलला नसेल, तर एक सकाळ तो घालून तीस चेंडूंची मोजणी पुन्हा करा. दोन कागदांत ठळक फरक दिसला तर डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगून खेळण्यासाठी वेगळा, एकाच नंबरचा चष्मा करून घ्या.

थंडीतल्या तक्रारीचे कारण त्या मानाने सरळ आहे. चेंडू थंड असला की कमी उसळतो. नियमाप्रमाणे नवा चेंडू 254 सेंटिमीटरवरून कठीण फरशीवर सोडला तर 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा, पण ही मोजणी 20 अंश तापमानाला धरलेली आहे. नाशिकची जानेवारीतली सकाळ सहा-साडेसहाला त्याच्या बरीच खाली असते, त्यात क्लबातले चेंडू प्रेशर उडालेले असले तर विचारूच नका. आपले शरीर नेहमीच्या उंचीसाठी रॅकेट आणते, चेंडू चार बोटे खाली राहतो आणि खालच्या कडेला लागतो. अशा दिवशी गुडघे जास्त वाकवा, पहिली दहा मिनिटे नेटजवळच्या सर्व्हिस बॉक्समध्ये उभे राहून हळू नॉकिंग करा, म्हणजे नुसते चेंडू मारत राहा, आणि त्या दिवसाची उसळी शरीराला शिकू द्या.

पायांना मी इतका वेळ बाजूला ठेवले, पण कागदावर टोकाकडे किंवा गळ्याकडे ठसे निघाले तर तिथूनच सुरुवात करावी लागेल. समोरचा खेळाडू चेंडू मारतो त्या क्षणी दोन्ही पायांवर हलकी उडी घेऊन उतरायचे आणि चेंडूजवळ जाताना शेवटची दोन पावले मुद्दाम छोटी टाकायची, एवढे दोन नियम पुरेत. अंतर शिकण्यासाठी रॅकेट खाली ठेवा आणि मार्करने टाकलेला चेंडू टप्प्यानंतर, कंबरेच्या उंचीवर, उजव्या हाताने शरीरासमोर पकडा. हात ताणूनही चेंडू निसटला किंवा पोटाशी आला, तर रॅकेट हातात असतानाही तेच होत असते. वीस झेल रोज पुरेसे आहेत. वीस वर्षे खेळलेल्या माणसाला झेल पकडायला सांगणे थोडे अपमानास्पद आहे याची मला कल्पना आहे.

आता दुकानदाराचा सल्ला. मोठ्या डोक्याच्या रॅकेटचा इतिहासच मुळी आपल्यासारख्या खेळाडूच्या वैतागातून सुरू होतो. हॉवर्ड हेड हे विमान उद्योगातले अभियंते, पुढे धातूच्या स्कीज बनवून श्रीमंत झाले. निवृत्तीनंतर टेनिस खेळू लागले तेव्हा मध्यावरून चुकलेला चेंडू रॅकेट हातात फिरवतो हे त्यांना सोसेना, आणि 1976 साली प्रिन्स कंपनीची 110 चौरस इंची रॅकेट बाजारात आली, तेव्हा लाकडी रॅकेटींचे डोके 65-70 चौरस इंचांचे असे. रॅकेट रुंद झाली की कडेला लागलेल्या चेंडूने ती कमी फिरते, हे त्यांचे म्हणणे खरे ठरले. फेडररनेही 90 चौरस इंची रॅकेट बरीच वर्षे वापरली, 2013च्या उन्हाळ्यात 98ची करून पाहिली आणि 2014पासून 97ची घेतली. बॅकहँड फ्रेमला लागण्याचे त्याचे प्रमाण त्यानंतर घटलेले अनेकांना जाणवले. पण आपण 100वर आधीच आहात. फेडरर जिथे जाऊन पोचला त्याच्या पुढेच आपण उभे आहात, तेव्हा डोके आणखी दहा चौरस इंचांनी वाढवून मिळणारे फार थोडे आहे. त्याऐवजी रॅकेटच्या दोन्ही कडांना, घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी, दोन-दोन ग्रॅमची शिशाची पट्टी लावून पाहा. वजन मध्यरेषेपासून जितके दूर, तितका त्याचा परिणाम अंतराच्या वर्गाने वाढतो, म्हणून तेवढ्यानेही रॅकेट कमी वळते. पण हे मोजणीनंतर, आधी नाही.

कोपराच्या दुखण्याचा मिसहिटशी, म्हणजे मध्य चुकलेल्या फटक्याशी, संबंध आहे. चेंडू जाळीवर केवळ चार-पाच मिलिसेकंद असतो आणि एवढ्या वेळात मूठ आवळून रॅकेटचे वळणे थांबवता येत नाही, हादरा मात्र आवळलेल्या हातातून थेट कोपरापर्यंत जातो. फ्रेम लागेल या भीतीने मूठ घट्ट करण्याची सवय चुकणाऱ्या खेळाडूला हमखास लागते. मधल्या वेळेत डावा हात रॅकेटच्या गळ्यावर ठेवून उजवी मूठ सैल करा. जाळीत पॉलिएस्टरचे कडक गटिंग असेल तर ते काढून मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचे, मऊ) किंवा साधे सिंथेटिक गट 48 ते 52 पौंडांच्या ताणाने लावून घ्या. जाळीत बसवायचा रबरी डॅम्पनर तारांचा आवाज मारतो, कोपराला त्याचा उपयोग होत नाही. ओव्हरग्रिप, म्हणजे दांड्यावर गुंडाळायची पट्टी, मात्र वेळच्या वेळी बदला, घामाने गुळगुळीत झालेली ग्रिप आपल्याला नकळत मूठ आवळायला लावते. दोन-तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले नाही तर खेळ थांबवून हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

मोबाइलवर फोरहँडचे चित्रण करणार असाल तर सेकंदाला 240 चित्रांचे स्लो मोशन वापरा. साध्या 30 चित्रांच्या चित्रणात दोन चित्रांमधले अंतर 33 मिलिसेकंद असते, त्यामुळे फटक्याचा क्षण बहुधा निसटतोच. 240ला तो बहुतेक प्रत्येक वेळी एका चित्रात सापडतो. चेंडू रॅकेटच्या कोणत्या भागाला लागला हे तिथे पाहा, स्वतःची शैली पाहू नका. शैली पाहिली की पुन्हा एखाद्या व्हिडिओतली शैली आठवेल आणि पुन्हा शिडी चढायला लागाल.

आणि तोवर फ्रेमला लागून चेंडू समोरच्या कोर्टात पडला तर गुण बिनदिक्कत घ्या. फ्रेमला लागलेला चेंडू नियमानुसार वैध असतो. फक्त मोठे खेळाडू करतात तसा हात वर करून प्रतिस्पर्ध्याची माफी मागावी, एवढी रीत पाळली जाते.

आजचा तीस टिंबांचा कागद, जुन्या चष्म्याने केलेला दुसरा कागद आणि तीन आठवड्यांनी केलेला तिसरा, असे तिन्ही कागद पाठवा. प्रत्येकावर त्या सकाळची वेळ आणि चेंडू नवे होते की जुने हे लिहायला विसरू नका.